छपराखालच्या बाईचं अक्षर

"मॅडम, हे खोकं तुम्ही रिसीव्ह केलंत?"

"हो. का?"

"त्यावर काय लिहिलंय ते वाचलंत?"

"चायनीज आहे ते. मला कसं वाचता येणार?"

"मग सही कशी केलीत?"

वसंत पालांडे आणि माझं पहिलं बोलणं हे असं झालं. मी रास अल खैमातल्या एका टाइल्सच्या कारखान्यात खरेदी विभागात नवी लागले होते. पुण्याहून येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. समोर एक पन्नाशी ओलांडलेला, काटकुळा माणूस उभा होता. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, खिशात टेस्टर आणि काखेत ते खोकं. आवाज अजिबात चढा नव्हता, पण कपाळावर घाम होता. बाहेर जानेवारीतली छान हवा असताना.

झालं होतं असं, की भट्टीचा एक सुटा भाग जोडायचं सामान दोन दिवस सापडत नव्हतं. स्टोअरवाल्याने ते हेल्मेट आणि हातमोज्यांच्या रॅकवर ठेवलं होतं, कारण खोक्यावरचं पहिलं अक्षर त्याच्या ओळखीचं होतं. सेफ्टीच्या प्रत्येक चिनी पाटीवर तेच अक्षर असतं.

पालांड्यांनी खोकं टेबलावर ठेवलं आणि अक्षरावर बोट टेकवलं. 安. "हे 'आन'. ह्याच्यापुढे 'छ्युआन' आलं की सेफ्टी. इथं पुढे 'ज्वांग' आहे. आनज्वांग म्हणजे फिटिंग, जोडणी. नुसतं पहिलं अक्षर बघून माल लावायचा नसतो, मॅडम. बघून घेतलेलं बरं."

"बघून घेतलेलं बरं" हे वाक्य पुढे चार वर्षं मी दिवसातून पाच-सहा वेळा तरी ऐकलं.

पालांडे गुहागरकडचे. आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झाले, आणि मी भेटले तेव्हा मेंटेनन्सचे फोरमन होते. कारखान्यात मल्याळी, पाकिस्तानी, नेपाळी, बंगाली सगळेच त्यांना 'पालांडेभाई' म्हणायचे. कुठल्याही वस्तूला ते आधी हाताची पाठ लावत. पॅनेलचं दार, चहाचा कप, माझ्या गाडीचं हँडल, सगळ्याला. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तळहात लावला आणि करंट असला तर मूठ आवळते, सुटत नाही. पाठ लावली तर हात झटकला जातो." गाडीच्या हँडलला कुठून करंट येणार, हे मी विचारलं नाही. त्यांनी काहीतरी उदाहरण दिलं असतं आणि मग मीही पाठच लावू लागले असते.

'खलास' हा शब्द त्यांना सहन व्हायचा नाही. इथे काम संपलं की खलास, चहा झाला की खलास, फोन ठेवताना खलास. पालांडे कळवळून म्हणायचे, "खलास नका म्हणू हो. झालं म्हणा."

सकाळी दहाला आणि दुपारी चारला ते गावी फोन करत. बायको, सुलभा, घरी एकटी असायची. मुलगी लग्न होऊन साताऱ्याला गेलेली. फोन स्पीकरवर असायचा, त्यामुळे अख्ख्या वर्कशॉपला तो संवाद पाठ होता.

"जेवलीस?"

"अहो, दहा वाजलेत."

"गॅस बंद केलास?"

"केला."

"पंपाचं बटण?"

"ते पण."

"बघून ये."

मग पलीकडे पावलं वाजायची. बाई खरंच जाऊन बघून येत होती की नुसती जागच्या जागी पाय आपटत होती, अशी मला कायम शंका होती.

चिनी अक्षरं त्यांना गुओ नावाच्या माणसाने शिकवली. दुसऱ्या नंबरची भट्टी बसवायला चीनहून जी टीम आली, तिचा हा म्हातारा इलेक्ट्रिशियन. आठ महिने दोघं एकाच पॅनेलरूममध्ये होते. गुओला मोडकंतोडकं इंग्रजी यायचं, पालांड्यांनाही तेवढंच. कच्च्या, न भाजलेल्या टाइलवर खिळ्याने कोरून गुओ अक्षर काढायचा आणि खाली पालांडे देवनागरीत उच्चार लिहायचे. कच्ची टाइल बिस्किटासारखी मऊ असते, लिहायला पाटीहून बरी. अशा दीड-दोनशे टाइल्स पालांड्यांनी पॅनेलरूमच्या कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या होत्या. पहिली 'आन'ची होती. ती त्यांनी मला एकदा जेवणाच्या सुट्टीत दाखवली.

"हे वरचं बघा, छप्पर. आणि खाली बाई. पूर्वी हाडावर कोरायचे तेव्हा नीट बाईच दिसायची म्हणे, गुडघे मोडून, हात पुढे घेऊन बसलेली. छपराखाली बाई बसली म्हणजे शांत, सुखरूप."

"कोण सुखरूप? बाई की घर?" मी विचारलं.

पालांडे गंभीर झाले. "मी पण हेच विचारलं गुओला. तो म्हणाला, काही लोक म्हणतात बाई घरात सुरक्षित, काही म्हणतात बाई आली म्हणून घराला शांतता. ज्यानं पहिल्यांदा कोरलं त्याला विचारायला कोणी राहिलं नाही." मग म्हणाले, "मला वाटतं, ज्यानं कोरलं तो परगावी असणार. त्याला घरची काळजी लागलेली असणार."

मी हसले. ते हसले नाहीत.

चौथ्या वर्षीची मार्चमधली ती सकाळ मात्र मी अजून विसरलेले नाही. दुसरी भट्टी मधेच अडली. आमची भट्टी म्हणजे शंभर मीटर लांब बोगदा. आत शेकडो गोल दांडे एकसारखे फिरत असतात, त्यांच्यावरून टाइल सरकत जाते. त्यांना रोलर म्हणतात. रोलर थांबले की ते आचेने वाकतात आणि आतला माल फुटतो. त्यामुळे एका भागातले रोलर थांबले तसे सगळे धावत सुटले. मी स्पेअरचा नंबर घ्यायला तिथे गेले होते.

निखिल नावाचा नवा शिफ्ट इंजिनिअर होता, इंदूरचा. हुशार मुलगा, पण घाईचा. त्याने मेन स्विच स्वतः बंद केला होता. पॅनेलच्या आतल्या झाकणावर कोणीतरी मार्करने चिनीत एक ओळ लिहिली होती. निखिलने मोबाइल धरला. मोबाइलने भाषांतर दाखवलं: धिस रोड, फोर हंड्रेड, सेफ.

"देखो, सेफ लिखा है. यल्ला अकरम, खोलो."

अकरम आमचा गुजराँवालाचा इलेक्ट्रिशियन. दोन स्क्रू काढून त्याने झाकण खाली ठेवलं आणि हात आत घालायला पुढे झाला.

"हाथ पीछे!"

पालांड्यांचा एवढा मोठा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. ते धापा टाकत आले आणि अकरम आणि पॅनेल यांच्या मधे जाऊन उभे राहिले.

"सर, ये सेफ नहीं है. ये अँपिअर है. चारसौ अँपिअर."

"पालांडे, मेन ऑफ है. मैंने खुद किया है."

"ये लाइन मेन से नहीं आती, सर. जनरेटर से आती है. गुओ ने लिखा था."

"माल फूट रहा है अंदर! हटो!"

"नहीं हटूँगा, सर."

चिनी लोकांना अँपिअर शब्द लिहायचा झाला तेव्हा त्यांनी नुसत्या उच्चारासाठी हेच अक्षर घेतलं. आनपेइ. त्याचं आखूड रूप नुसतं आन. आकड्यापुढे आलं की ते शांतही नसतं आणि सुखरूपही नसतं. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी दिसत होतं ते एवढंच, की एका काटकुळ्या माणसाचे ओठ पांढरे पडलेत आणि तो हलत नाहीये.

पालांड्यांनी खिशातून टेस्टर काढला. स्वतः लावला. टेस्टर पेटला.

अकरम होता तिथेच फरशीवर खाली बसला आणि आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिला. निखिलने फोन खिशात टाकला, मग पुन्हा काढला, पुन्हा टाकला. पालांड्यांनी जनरेटरची लाइन तोडली, पुन्हा टेस्टर लावला, मगच अकरमला म्हणाले, "अब करो."

माल फुटला, रोलर वाकले. पण अकरम त्या दुपारी आमच्याबरोबर जेवला.

अशा प्रसंगानंतर माणसाची छाती दोन इंच फुगते. पालांड्यांचं उलटं झालं. सगळे पाठ थोपटत होते आणि हा माणूस आणखी सुकत चालला. "मॅडम, मी त्या दिवशी बाथरूमला गेलो असतो तर?" हा प्रश्न त्यांनी मला किमान दहा वेळा विचारला. मेमध्ये त्यांची दोन महिन्यांची रजा मंजूर होती, ती त्यांनी पुढे ढकलली. गणपतीत जायचं ठरलं, तेही रद्द केलं. "मी गेलो आणि मागे कुणी काही वाचलं तर?" गावी घरात बायको एकटी म्हणून जीव टांगणीला, आणि इथे पॅनेलं एकटी म्हणून निघवत नाही. झोप उडाली. जेवणाचा डबा अर्धा परत जायचा.

शेवटी सुलभाताईच आल्या. मुलीने परस्पर व्हिजिट व्हिसा काढला, तिकीट काढलं आणि आदल्या दिवशी बापाला कळवलं. पालांड्यांनी शहरातल्या नखील भागात एका मल्याळी कुटुंबाच्या घरात महिन्यासाठी खोली घेतली. घरमालकीण लिसी. तिला हिंदी येत नव्हतं, सुलभाताईंना मल्याळम.

मी भेटायला गेले तेव्हा सुलभाताईंनी घावने केले होते. ठेंगणी, सावळी, हसऱ्या डोळ्यांची बाई. "ताई, ह्यांनी मला सांगितलंय खिडकीशी पण उभं राहू नको," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. पालांडे म्हणाले, "परका मुलूख आहे. भाषा येत नाही. बघून घेतलेलं बरं." सुलभाताईंचं एकच मागणं होतं: गावची शेवंता शारजात एका घरी कामाला होती, सहा वर्षांत गावी गेली नव्हती. तिची आई अंथरुणाला खिळलेली. आईने लेकीसाठी स्वतःचं लुगडं दिलं होतं, आणि ते हातात देईन असा शब्द सुलभाताई देऊन आल्या होत्या. पालांडे म्हणायचे, पुढच्या शुक्रवारी जाऊ. असे तीन शुक्रवार गेले.

चौथ्या आठवड्यात एका सोमवारी, दुपारी एकच्या सुमाराला, पालांडे माझ्यासमोर येऊन उभे राहिले. चेहरा चुन्यासारखा.

"सुलभा फोन उचलत नाहीये. आता तर स्विच ऑफ."

आम्ही माझ्या गाडीतून खोलीवर गेलो. कुलूप. लिसी बाहेर आली, हातवारे करत सांगू लागली: सकाळी नऊला गेली, हातात पिशवी. कुठे? लिसी आठवत म्हणाली, "रोलर. रोलर, शी सेड."

पालांड्यांनी भिंतीला हात टेकला. "कारखान्यात निघाली ती. मी तिला रोलरबद्दल सांगत असतो. बघायला म्हणून निघाली. मॅडम, तो ट्रकचा रस्ता आहे."

त्यांनी खोली उघडली, ड्रॉवर ओढला. पासपोर्ट नव्हता. ते बघून ते आणखीच घाबरले. पासपोर्ट कायम जवळ ठेव असं त्यांनीच तिला बजावलं होतं, हे त्यांच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

माझ्या मुलीची शाळा सुटायची वेळ झाली होती, तिला वाटेत घेतलं. मग कारखान्याच्या रस्त्याने आम्ही ताशी वीसच्या वेगाने गेलो. सिमेंटचे टँकर भोंगे वाजवत शेजारून जात होते. पालांडे खिडकीबाहेर बघत होते, आणि रस्त्याकडेला कसलंही कापड दिसलं की त्यांचा श्वास अडकलेला मला ऐकू येत होता. एकदा कडेला निळं काहीतरी पडलेलं दिसलं. गाडी थांबायच्या आत त्यांनी दार उघडलं. ताडपत्री होती. परत येऊन बसले तेव्हा त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"आई, इज अंकल क्राइंग?" मागून इराने विचारलं.

"मॅडम," पालांडे समोर बघत म्हणाले, "गुओनं एकदा सांगितलं होतं. त्यांच्या जुन्या पोथ्यांमध्ये हेच अक्षर प्रश्न विचारायला वापरतात. आन म्हणजे कुठे. अमका कुठे आहे, असं. मी म्हटलं, हे कसं? सुखरूप म्हणजेच कुठे? तो म्हणाला, तसंच आहे, विचारू नको."

मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. पोलिसांकडे जायचं का, हे दोघांच्याही मनात होतं आणि कोणी उच्चारत नव्हतं.

"अंकल लॉस्ट हिज वाइफ?" इराने विचारलं. "वेअर डिड शी से शी वॉज गोइंग?"

"रोलर," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता ब्रेक दाबला. "पालांडे. रोलर नाही. रोल्ला, शारजातला चौक! शेवंता शारजात कुठे असते?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच चिनीत बोलले. "रोल्लाच्या मागे," ते म्हणाले. मग एकदम, "एकटी? शारजाला? बसनं?"

शेवंताचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. तो सुलभाताईंच्या फोनमध्ये. आम्ही बसस्टँडवर जाऊन थांबलो. एक बस आली, गेली. दुसरी आली. पालांडे प्रत्येक बसच्या दाराशी उभे राहून उतरणारा एकेक माणूस बघत होते. इराला मी ज्यूस दिला, ती तोही पीत नव्हती.

पाच वाजत आले होते. तिसऱ्या बसमधून सुलभाताई उतरल्या. एका हातात पिशवी, तिच्यातून अळूची पानं बाहेर आलेली, दुसऱ्या हातात अर्धवट खाल्लेलं मक्याचं कणीस.

पालांडे पुढे गेले. त्यांनी हात पुढे केला आणि हाताची पाठ तिच्या मनगटाला लावली. तेवढंच.

"अहो, काय झालं? कोण गेलं?" सुलभाताई घाबरून म्हणाल्या.

"फोन..."

"बॅटरी संपली. शेवंतानं सोडलंच नाही. लुगडं छातीशी धरून तासभर रडली पोर. मी कशी उठू?"

गाडीत पालांड्यांना हळूहळू वाचा फुटली. रागावले, म्हणजे त्यांच्या परीने. "काही झालं असतं तर? एकटी बाई..."

"सहा वर्षं तिकडे मी एकटीच आहे," सुलभाताई शांतपणे म्हणाल्या. "गेल्या श्रावणात न्हाणीघरात नाग निघाला. मला डेंगू झाला तेव्हा मीच रिक्षा करून दवाखान्यात गेले. तुम्हाला सांगितलं नाही, तुम्ही जेवला नसता. तुम्ही गॅस विचारता, बटण विचारता. मला बरं वाटतंय का, हे कधी विचारलंत?"

पालांड्यांनी खिशातला कागद काढला, त्यावर ते अक्षर काढलं आणि मागे वळून बायकोला दाखवलं. समजूत घालायची त्यांची ती रीत असावी. "हे बघ. हे छप्पर, ही बाई. म्हणजे सुखरूप."

सुलभाताईंनी कागद उलटसुलट करून बघितला. "बसलीय?"

"हो."

"मग आत बसून काय करतेय ती?"

पालांड्यांनी कागद परत घेऊन बघितला. गुओने तेवढं शिकवलं नव्हतं.

पाच दिवसांनी सुलभाताई परत गेल्या, आणि त्यानंतरच्या महिन्यात पालांड्यांनी राजीनामा दिला. तीन महिन्यांची नोटीस. त्या तीन महिन्यांत त्यांनी कारखान्यातली एकूण एक चिनी पाटी उतरवून घेतली, व्हिडिओ कॉलवर गुओकडून तपासून घेतली, आणि प्रत्येक पॅनेलवर हिंदी, उर्दू, नेपाळी आणि इंग्रजीत लिहून लावली. उर्दू अकरमने लिहिलं. इंग्रजी निखिलने, न सांगता, जेवणाची सुट्टी मोडून. तरी शेवटच्या दिवशी पालांडे मला म्हणाले, "एखादी राहिली असेल, मॅडम." मी म्हटलं, "असेल. आम्ही बघून घेऊ." त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

शारजाच्या विमानतळावर मी त्यांना सोडायला गेले. दुपारचं विमान होतं, आम्ही पाच तास आधी पोचलो होतो. आत फक्त प्रवाशांना सोडत होते, म्हणून मी काचेबाहेर उभी राहिले. पालांडे रांगेत लागले. दोरीने बांधलेली मोठी बॅग पुढ्यात, एक हात तिच्यावर घट्ट. त्यांनी दोनदा पासपोर्ट काढून बघितला, दोनदा ठेवला. पुढे सात-आठ माणसं होती.

तेवढ्यात शेजारच्या रांगेतून एक बाई बाहेर पडली. हातात कागद, डोक्यावरून ओढणी, भांबावलेली. दोन-तीन जणांना तिने कागद दाखवला, त्यांनी माना हलवल्या. मग ती पालांड्यांपाशी आली. त्यांनी कागद घेतला, लांब धरून वाचला, समोरच्या पाट्या बघितल्या. एकदा आपल्या बॅगकडे बघितलं. आणि मग बॅग तिथेच सोडून ते तिच्याबरोबर चालू लागले. हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, मान वळवून काहीतरी समजावत. एकदाही मागे न बघता. गर्दीत त्यांचा पांढरा शर्ट थोडा वेळ दिसत राहिला, मग तोही दिसेनासा झाला.

रांग पुढे सरकली. बॅगपुढे मोकळी जागा पडली. मागच्या माणसाने इकडेतिकडे पाहिलं. एक सिक्युरिटीवाला त्या दिशेने यायला लागला, आणि मी दोन्ही हातांनी काच बडवत ओरडले, "त्यांची आहे ती! येतायत ते, आत्ता येतायत!"

आत कोणाला काही ऐकू जात नव्हतं.